बुद्धभद्र : अजिंठ्याचा एक कृतज्ञ भिक्षू

अजिंठ्याला जाऊन आलेल्या माणसाला तेथे काय पाहिले म्हणून विचारावे, तर तो पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे नाव घेतो, सतराव्या लेण्यातील चित्रांचे कौतुक करतो, आणि सव्विसावे लेणे पार टोकाला असल्यामुळे ते मात्र घाईघाईने पाहिले, असे सांगतो. त्या लेण्यात पहुडलेल्या बुद्धाची प्रचंड मूर्ती आहे, एवढे त्याच्या स्मरणात असते. परंतु ते लेणे कोणी खोदविले, कोणासाठी खोदविले आणि कशासाठी खोदविले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तेथेच ओसरीच्या भिंतीवर संस्कृत श्लोकांत कोरून ठेवलेली आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. उत्तर देणारा राजा नाही, अमात्य नाही, श्रेष्ठीही नाही. तो एक भिक्षू आहे. त्याचे नाव बुद्धभद्र. आजच्या व्याख्यानाचा विषय हा पुरुष आणि त्याचे कार्य हा आहे.

नांदेड-लातूरच्या श्रोत्यांपुढे अजिंठ्यातील भिक्षूची कथा सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. बुद्धभद्राच्या लेखात एका देशाचे नाव येते, ते म्हणजे अश्मक. अश्मक हे बुद्धकालीन सोळा महाजनपदांपैकी एक. दक्षिणेत, गोदावरीच्या काठी असलेले ते एकमेव. त्याची राजधानी पोतन किंवा पोतली. बिलोलीहून निघून मांजरा ओलांडली की आज तेलंगणात असलेले बोधन गाव लागते. ते बोधन म्हणजेच हे पोतन, असे बहुतेक विद्वान मानतात. अश्मकाच्या सीमा निरनिराळ्या शतकांत मागेपुढे सरकल्या. तरी लातूरजवळून वाहत येऊन पुढे गोदावरीला मिळणारी मांजरा आणि नांदेडची गोदावरी या दोन नद्यांमधल्या मुलखाशी हे नाव जोडलेले आहे, यात शंका नाही. सुत्तनिपातात बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची कथा आहे. तो गोदातीरी, अश्मकाच्या प्रदेशात राहत असे. त्याने आपले सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारण्यासाठी उत्तरेकडे पाठविले, आणि ते पैठणवरून उज्जयिनीकडे गेले. तेव्हा आपल्या या भागाचे बुद्धाशी नाते कालपरवाचे नाही.

दुसरेही एक नाते सांगतो. ज्या काळी अजिंठ्याची बहुतेक लेणी झाली, त्या काळी येथे वाकाटकांचे राज्य होते. त्यांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. त्या शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम येथील ताम्रपटात नांदीकड या विभागातील गावाचे दान नोंदलेले आहे. हे नांदीकड म्हणजे आपले नांदेड. म्हणजे ज्या राजवंशाच्या छत्राखाली अजिंठा सजला, त्याच छत्राखाली नांदेडही होते.

आता प्रत्यक्ष अजिंठ्याकडे वळू. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टात ही सुमारे तीस लेणी आहेत. ती एका काळातील नाहीत. नवव्या आणि दहाव्या क्रमांकाची चैत्यगृहे व त्यांच्या जवळचे काही विहार इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील. त्यानंतर दीर्घ काळ तेथे मोठे नवे खोदकाम झाले नाही. मग इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेण याच्या कारकीर्दीत, एकाएकी छिन्नी-हातोड्यांचा आवाज पुन्हा दरीत घुमू लागला. सोळावे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने भिक्षुसंघाला अर्पण केले. सतरावे एका मांडलिक राजाने खोदविले. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी (मृत्यू २०१९) आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे या लेण्यांत घालविली. त्यांच्या मते हा दुसरा बहर जेमतेम वीस वर्षांत, इ. स. ४६० ते ४८० च्या सुमारास, आटोपला. सर्वांना हे मत मान्य नाही. तथापि काम झपाट्याने झाले आणि तितक्याच झपाट्याने थांबले, हे अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांकडे पाहणाऱ्या कोणालाही पटेल.

या राजे-अमात्यांच्या मांदियाळीत सव्विसाव्या लेण्याचा यजमान मात्र भिक्षू. लेख संस्कृतात आणि ब्राह्मी लिपीत आहे. त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो.

आरंभी बुद्धाला वंदन आहे. जरा-मरणावर ज्याने विजय मिळविला आणि निर्वाणाच्या शांत नगरीत जो पोहोचला, त्याला केलेला नमस्कार वाया जात नाही. त्याच्यापुढे ठेवलेले एक साधे फूलही मोठे फळ देते, असे कवी म्हणतो. मग तो आपल्या पूर्वीच्या एका स्थविराची आठवण काढतो. त्या स्थविराचे नाव अचल. त्याला स्वतःसाठी मिळवावयाचे काही उरले नव्हते, तरीही त्या कृतज्ञ पुरुषाने शास्त्याकरिता पर्वतात निवास घडविला. ज्याला काही नको होते त्याने जर एवढे केले, तर ज्यांना अजून पुष्कळ साधावयाचे आहे त्यांनी किती करावे! पुढे एक अगदी मानवी विचार येतो. जगात माणसाची आठवण राहते तोवर तो स्वर्गात सुखाने नांदतो; म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल असे स्मारक डोंगरात उभारावे.

यानंतर भव्विराज. अश्मकाच्या सामर्थ्यशाली राजाचा हा अमात्य. बुद्धभद्राशी त्याचे सख्य केवळ या जन्माचे नसून अनेक जन्मांचे होते, असे लेख सांगतो. इतर मंत्र्यांना कठोरपणानेही जी कामे साधत नाहीत, ती तो सौम्यपणाने साधीत असे, ही त्याची स्तुती. तो निवर्तल्यावर त्याचा मुलगा देवराज त्या पदावर आला. या भव्विराजाच्या आणि आपल्या मातापित्यांच्या स्मरणार्थ भिक्षू बुद्धभद्राने हे सुगताचे मंदिर करविले. काम तडीस नेले ते भिक्षू धर्मदत्त आणि शिष्य भद्रबंधू यांनी. आणि या कृत्याचे जे काही पुण्य असेल, त्याने सर्व प्राणिमात्रांना बोधी लाभो, अशी प्रार्थना आहे. बुद्धभद्र स्वतः कुलीन घराण्यातला, विद्यासंपन्न, आणि ऐन तारुण्यात प्रव्रज्या घेतलेला, एवढेच त्याचे चरित्र या लेखावरून हाती लागते.

चरित्र एवढेसे, पण त्यातून किती गोष्टी निघतात पाहा. पहिला प्रश्न : ज्याने घरदार सोडले त्याच्यापाशी लेणे खोदविण्याइतके धन आले कोठून? भिक्षूने सोनेरुपे घेऊ नये असा विनयाचा दंडक आहे. परंतु शिलालेख पाहिले तर निराळे चित्र दिसते. भारहुत आणि सांची येथील स्तूपांच्या कठड्यांवर दात्यांची जी नावे आहेत, त्यांत भिक्षू व भिक्षुणी पुष्कळ आहेत. कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी सारनाथ येथे बोधिसत्त्वाची प्रचंड मूर्ती उभारली ती बल नावाच्या भिक्षूने. अजिंठ्यातही अनेक लहान मूर्तींखाली ही शाक्यभिक्षू अमक्याची देणगी, अशा अर्थाचे लेख आहेत. यावरून एवढे स्पष्ट होते की, भिक्षू हा कलेचा केवळ उपभोक्ता नव्हता; तिचा प्रवर्तक होता. कुलीन घरचा वारसा, स्नेह्यांचे औदार्य, शिष्यांचा परिवार हे सारे तो धर्मकार्याकडे वळवी. अश्मकाच्या अमात्याशी असलेल्या सख्याचा उल्लेख लेखात इतक्या आवर्जून यावा, हेही अर्थपूर्ण आहे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. बुद्धभद्राला कलावंत म्हणावे काय? युरोपात फ्लॉरेन्स शहरी फ्रा अँजेलिको नावाचा एक डॉमिनिकन साधू होऊन गेला. तो १४५५ साली वारला. सान मार्को मठातील भिंतींवर त्याने स्वहस्ते चित्रे रंगविली. एकेका साधूच्या कोठडीत, ध्यानासाठी, एकेक चित्र. तेथे साधू आणि चित्रकार हे एकच. बुद्धभद्राने छिन्नी हाती धरली होती असे लेख म्हणत नाही. पण म्हणून त्याचे कर्तृत्व पैसे देण्यापुरतेच होते असे समजणे चुकीचे ठरेल. मूलसर्वास्तिवादी विनयात एक प्रसंग आहे. अनाथपिंडिक विहार सजवू इच्छितो, आणि कोणत्या ठिकाणी काय रंगवावे हे बुद्ध त्याला सांगतो : दारावर यक्ष, प्रवेशापाशी संसारचक्र, अन्यत्र जातककथा. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत असे संसारचक्र आजही, भंगलेल्या अवस्थेत, पाहावयास मिळते. म्हणजे कोठे काय असावे, पाहणाऱ्याने आधी काय पाहावे व नंतर काय, हे ठरविणे हा भिक्षूंचा अधिकार होता. आजच्या भाषेत बोलायचे तर संहिता भिक्षूची आणि हात कारागिराचा.

आणि या दोघांच्या मध्ये उभे राहणारे लोक? त्यांचीच नावे बुद्धभद्राने लेखात घातली आहेत. डोंगरात मंदिर कोरणे हे इमारत बांधण्याच्या उलट काम आहे. इमारत पायापासून वर चढते. लेणे छतापासून खाली उतरते. आधी वरचा भाग पोखरावयाचा, छत घडवावयाचे, मग खांबांसाठी दगडाचे ठोकळे राखून खाली खाली जावयाचे. ही रीत कशी होती ते पाहावयाचे असेल, तर सव्विसाव्याच्या शेजारचे, अर्धवट राहिलेले चोविसावे लेणे अवश्य पाहावे. तेथे काही खांब नुसत्या ठोकळ्यांच्या रूपात उभे आहेत, आणि दगडावरचे छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात. अशा कामात एक चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही. काढलेला दगड परत चिकटविता येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून देखरेख करणारा माणूस लागतो. धर्मदत्त आणि भद्रबंधू यांनी ते केले. ज्या दगडफोड्यांनी व मूर्तिकारांनी प्रत्यक्ष घाम गाळला त्यांची नावे मात्र या लेखात नाहीत. त्यांची स्वाक्षरी म्हणजे ती मूर्तीच, असे म्हणून आपण समाधान मानतो. पण ती उणीव उणीवच आहे, हेही मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

दगडाविषयीही दोन शब्द बोलणे अवश्य आहे. औशाजवळचे खरोसे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथील लेणी जांभ्या दगडात आहेत. जांभा सच्छिद्र, त्यात बारीक नक्षी धरत नाही, आणि हवापाण्याने मूर्तींचे चेहरे झिजून जातात. अजिंठ्याचा बसाल्ट खोदावयास कठीण, पण एकदा घडला की बोटांची पेरेसुद्धा शतकानुशतके जपणारा. चंद्रसूर्य असेतो टिकेल असे स्मारक डोंगरात करावे, असे म्हणणाऱ्याच्या पाठीशी असा दगड होता.

आता या चैत्यगृहात प्रवेश करू. दर्शनी भागावर मोठी कमानदार खिडकी. तिच्यातून आत प्रकाश येतो. आत दोन्ही बाजूंनी खांबांच्या ओळी, आणि त्या जेथे वळून एकत्र येतात तेथे स्तूप. जुन्या नवव्या-दहाव्या लेण्यांतील स्तूप साधा आहे. त्यावर बुद्धाची आकृती नाही. येथे स्तूपाच्या दर्शनी अंगावर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध कोरलेला आहे. पाच शतकांत धर्मकल्पनेत झालेला बदल या दोन स्तूपांची तुलना केली की व्याख्यानावाचून समजतो.

डाव्या हाताच्या भिंतीकडे वळले की तो सुप्रसिद्ध शिल्पपट दिसतो. सुमारे सात मीटर लांबीचा बुद्ध, शालवृक्षांच्या मध्ये, उजव्या कुशीवर पहुडला आहे. हे कुशीनगरीतील महापरिनिर्वाण. मंचकाच्या खाली शिष्य आणि उपासक शोक करीत बसले आहेत. कोणाची मान खाली गेली आहे, कोणी कपाळाला हात लावला आहे. वर आकाशात मात्र देवगण गात-वाजवीत आहेत. खाली शोक, वर आनंद, आणि मध्ये तो चेहरा, ज्यावर दोहोंपैकी काहीच नाही. त्याच भिंतीवर पुढे माराच्या आक्रमणाचा देखावा आहे. त्यातही चहूकडे कल्लोळ आणि मध्ये निश्चल पुरुष. भिंतींवरील लहानमोठ्या मूर्ती अनेक हातांनी, अनेक भक्तांच्या इच्छेने कोरल्या गेल्या. त्या सर्वांचे यजमानपद बुद्धभद्राकडे द्यावे असे नव्हे. परंतु ज्या मंदिराने त्यांना जागा दिली ते मंदिर त्याचे.

येथे एक शंका मनात आल्यावाचून राहत नाही. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे ज्या धर्माचे पहिले वचन, त्याच्या भिक्षूने चंद्रसूर्यापर्यंत टिकणाऱ्या स्मारकाचा ध्यास का घ्यावा? ही कीर्तीची लालसा तर नव्हे? लेख पुन्हा वाचला म्हणजे या शंकेचे उत्तर सापडते. ज्यांच्यासाठी स्मारक केले त्यांत बुद्धभद्राने स्वतःला धरलेले नाही. मित्र आहे, आई आहे, बाप आहे, आणि अखेरीस सर्व प्राणिमात्र आहेत. तारुण्यात घर सोडून निघालेला हा माणूस आईबापांना विसरला नव्हता. मित्र गेल्यावर त्याच्या पश्चात त्याची आठवण कोठे ठेवावी, हा प्रश्न त्याला पडला होता. आपण सर्वच अनित्य आहोत, हे ज्याला खरोखर कळले त्यालाच, जाणाऱ्याचे ऋण फेडण्याची घाई होते. अनित्यता आणि कृतज्ञता यांत विरोध नाही. एकीतून दुसरी जन्मते.

स्थविर अचलाला लेखाने कृतज्ञ हेच विशेषण का लावले असावे, याचा उलगडा पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी एका परदेशी माणसाच्या लेखणीतून होतो. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्राचे वर्णन करताना पूर्व सीमेवरील डोंगरातल्या एका संघारामाविषयी लिहितो, आणि तो अर्हत अचलाने बांधला असे सांगतो. त्याची हकीकत अशी. अचलाची आई वारली. तिचा पुनर्जन्म कोठे झाला हे त्याने ध्यानाने पाहिले, तो या देशातील एका गावी ती मुलगी होऊन जन्मली होती. अचल त्या घरी भिक्षेला गेला. मुलगी अन्न घेऊन बाहेर आली, आणि त्याला पाहताच तिच्या स्तनांतून दूध पाझरले. घरच्यांना तो अपशकुन वाटला. अचलाने त्यांना पूर्वजन्मीचे नाते उलगडून सांगितले. मग आईच्या उपकारांची फेड म्हणून त्याने तो संघाराम उभारला. कथा दंतकथेच्या वळणाची आहे, हे उघडच आहे. पण शिलालेखातील एक विशेषण आणि लोकांच्या ओठांवर राहिलेली एक कथा यांचा असा मेळ बसावा, ही लहान गोष्ट नव्हे. अजिंठ्याच्या या टोकाला लोकांनी मातृऋणाचे स्थान मानले होते, आणि बुद्धभद्र त्याच परंपरेत उभा होता.

पुढे काय झाले? हरिषेणानंतर वाकाटकांची सत्ता कोसळली. दंडीच्या दशकुमारचरितात, अश्मकाच्या राजाने कपटाने विदर्भाच्या तरुण राजाला व्यसनांत गुंतविले, मांडलिकांत फूट पाडली आणि राज्य बुडविले, अशी कथा आहे. तीत वाकाटकांच्या अखेरचे प्रतिबिंब आहे असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी आणि इतर विद्वान मानतात. ज्या अश्मकाच्या एका अमात्याचा सौम्यपणा सव्विसाव्या लेण्यात अमर झाला, त्याच अश्मकाच्या राजकारणाने अजिंठ्याच्या आश्रयदात्यांचा घात केला असेल, तर इतिहासाच्या या खेळापुढे काय बोलावे! छिन्न्या थांबल्या, भिक्षू पांगले, दरी रानाने व्यापली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे आला, तेव्हा कोठे बाहेरच्या जगाला या लेण्यांची वार्ता लागली.

परंतु दगड सापडणे निराळे आणि नाव सापडणे निराळे. बुद्धभद्राचे नाव परत मिळाले ते लेख वाचणाऱ्यांमुळे. १८६० च्या दशकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याच्या लेखांचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे मिराशींनी वाकाटकांच्या सर्व लेखांचा संग्रह सिद्ध केला. तो १९६३ साली प्रसिद्ध झाला. निजामी हैदराबादच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी चित्रांचे चार खंड १९३० पासून पुढे प्रकाशित केले. १९८३ साली अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत गेला. आणि त्याच्या आधीच, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, त्या महापरिनिर्वाणापुढे हात जोडून उभे राहणारी माणसे मराठवाड्याच्या गावागावांतून पुन्हा येऊ लागली होती. प्रेक्षकांच्या गर्दीत ती उठून दिसत नाहीत. पण बुद्धभद्राने मंदिर केले ते त्यांच्यासाठी.

श्रोतेहो, चंद्रसूर्य असेतो नाव राहावे ही त्या भिक्षूची इच्छा पूर्ण झाली असे म्हणता येईल काय? मधली जवळजवळ चौदा शतके त्याचे नाव वाचणारा कोणी नव्हता. दगडाने आपले काम चोख केले. खंड पडला तो वाचणाऱ्यांच्या बाजूने. खरोसे, माहूर, हदगाव तालुक्यातील शिऊर, कंधारची भग्न मूर्ती, गावोगावच्या वेशीतील आणि मंदिरांच्या ओवऱ्यांतील लेख हे सारे आपल्या दारात आहे. त्यांपैकी कित्येकांवर चुन्याचे आणि तैलरंगाचे थर चढतात, कित्येक पायऱ्यांना लावले जातात. एखाद्या अशाच दगडावर कोणा बुद्धभद्राने आपल्या आईचे किंवा गेलेल्या मित्राचे नाव लिहून ठेवले असेल. अजिंठ्याला जाल तेव्हा शेवटच्या टोकापर्यंत अवश्य जा, पाय थकले तरी जा. आणि त्या चैत्यगृहात शिरण्यापूर्वी ओसरीत थांबून भिंतीवरच्या त्या झिजलेल्या ओळींकडे क्षणभर पाहा. लिपी कळली नाही तरी चालेल. मित्रासाठी आणि आईबापांसाठी लिहिलेले ते पत्र आहे, एवढे ध्यानात असले म्हणजे आतल्या मूर्तीचा अर्थ आपोआप उमगेल.